किती टाकले ते नको, किती उरले ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही दिवसांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नळाच्या पाण्याला येणाऱ्या औषधाच्या वासाविषयी एकामागून एक पत्रे प्रसिद्ध झाली. क्लोरीन हे युद्धात वापरलेले विष असून ते पिण्याच्या पाण्यात मिसळणे तत्काळ बंद करावे, अशी मागणी एका वाचकाने केली. दुसऱ्याने पाणीपुरवठा विभाग गरजेच्या दुप्पट औषध ओततो असा आरोप केला. त्यावर आलेला खुलासा ‘क्लोरिनेशन नियमितपणे केले जाते’ एवढ्या एका वाक्यात आटोपला. नोकरीची सारी वर्षे पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस म्हणून मला या तिन्ही मजकुरांत एकच उणीव जाणवली. पाण्यात क्लोरीन किती टाकले यावर सगळे भांडतात, पण ते शेवटच्या नळापर्यंत पोहोचेतो त्यातले किती शिल्लक राहिले हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पाणी सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचे तर पहिल्यांदा हाच आकडा हातात हवा, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

विषाच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो खोटा नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली सोडलेला वायू क्लोरीनच होता, आणि आपल्या जलशुद्धीकरण केंद्रांत लोखंडी टाक्यांतून येतो तोही तोच. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून तो गळला, तेव्हा शंभराहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तेव्हा हा वायू हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेविषयी कोणी पत्र लिहिले असते, तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. परंतु नळातून येणाऱ्या पाण्यात हा वायू वायुरूपात जवळजवळ नसतोच. पाण्यात शिरताच त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्यातले पहिले इतके अत्यल्प असते की पाण्यातील क्षार ते तिथेच उदासीन करतात. जंतू मारण्याचे काम दुसऱ्याचे. ही अभिक्रिया उलटही फिरते आणि तीव्र आम्ल मिळाले की क्लोरीन वायू पुन्हा बाहेर पडतो. शौचालय धुताना ब्लीचिंग पावडरवर अॅसिड ओतणाऱ्यांचा जीव घुसमटतो तो यामुळे. पिण्याच्या पाण्याला मात्र तेवढी आम्लता कधीच नसते.

हायपोक्लोरस आम्लाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. जिवाणूच्या बाह्य आवरणावर ऋणभार असतो, त्यामुळे ऋणभारित कण त्यापासून लांब ढकलले जातात. हा भारहीन रेणू मात्र सहज आत शिरतो आणि जिवाणूचा श्वास व पोषण ज्यांवर चालते त्या विकरांचे ऑक्सिडीकरण करून त्यांना निकामी करतो. पण पाणी जसजसे अल्कधर्मी होत जाते तसतसा हा रेणू आपला हायड्रोजन सोडून हायपोक्लोराइट या ऋणभारित आयनात बदलतो, आणि हा आयन जंतू मारण्यात फार मागे पडतो. पीएच म्हणजे सामू साडेसहा असेल तर सुमारे नव्वद टक्के क्लोरीन कामाच्या रूपात असतो. साडेसातला तो निम्म्यावर येतो. साडेआठला जेमतेम दहा टक्के उरतो. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्यातील विहिरी व बोअरवेलचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. म्हणून कोकणातल्या ओढ्याच्या पाण्याला जे प्रमाण आणि जेवढा वेळ पुरतो तेवढाच मराठवाड्यातल्या बोअरला पुरेल, असे धरून चालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पीएच आठच्या खाली असताना किमान अर्धा तास संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे दुसऱ्या कशाशी जोडला न गेलेला, क्लोरीन शिल्लक राहावा असे म्हटले आहे, त्यातील पीएचची अट आपल्याकडे बहुतेकांच्या वाचनातूनच निसटते.

आता गावाकडे वळतो, कारण ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन प्रामुख्याने टीसीएल पावडरच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या रूपात येतो. विरी गेलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून बनवलेली ही भुकटी. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात जादा चुना घातलेला असतो, तरी ताज्या पावडरमधला सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन ऊन, ओल आणि हवा लागली की उडून जाऊ लागतो. नमुन्यात तो २० टक्क्यांच्या खाली आढळला की आरोग्य खाते ती पावडर अयोग्य ठरवते. प्रत्यक्षात ही पावडर कुठे आणि कशी ठेवलेली असते ते ज्याने पाहिले असेल त्याला जास्त सांगावे लागणार नाही. पंचायतीच्या मागच्या खोलीत, फवारणी पंप आणि जुन्या मतपेट्यांच्या शेजारी, सुतळी सुटलेली बॅग भिंतीला टेकवलेली असते. वरच्या थराचे ओलीने खडे झालेले, आणि बॅगेत तोंड घातले तरी नाकाला झोंबत नाही. एक हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण धरले तर ताज्या पावडरमधून लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. हीच पावडर १५ टक्क्यांवर आली असेल तर जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. नोंदवहीत मात्र दोन्ही दिवशी ‘टीसीएल टाकली’ अशीच नोंद होते.

टाकण्याची रीत हा आणखी एक विषय. वीस फूट, म्हणजे सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे १ लाख १३ हजार लिटर भरते आणि त्याला ५६५ ग्रॅम पावडर लागते. आषाढात झऱ्यांनी जोर धरून तेच पाणी आठ मीटरवर चढले की त्याच्या दुप्पट, म्हणजे १ किलो १३० ग्रॅम. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात विहिरीत पडणारी पावडर एकच, म्हणजे हाताला लागेल तो डबा भरून. शिवाय पावडर बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे निवळ तेवढे विहिरीत सोडावे आणि खालचा चुन्याचा साका फेकून द्यावा, हे प्रशिक्षणात दरवेळी सांगितले जाते. तरीही सबंध बादली विहिरीत पालथी होते, कारण इतके पांढरे औषध फेकून देणे जिवावर येते. साक्यात क्लोरीन फारसा नसतो. तो पाण्याची कठीणता तेवढी वाढवतो. यात जलसुरक्षकाला, म्हणजे गावात हे काम करणाऱ्या माणसाला दोष देणे मला पटत नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या माणसाच्या हाती ना वजनकाटा दिला जातो, ना विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणारी पट्टी.

दुप्पट औषध टाकल्याच्या आरोपाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे नाक आपल्याला फसवते. क्लोरीन पाण्यात पडल्यावर आधी तिथल्या घाणीवर खर्च होतो: लोह, मँगनीज, सडका पालापाचोळा, आणि सांडपाण्याबरोबर आलेला अमोनिया. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, ती जंतूंवर मंदपणे काम करतात आणि त्यांतल्या काहींचा वास जलतरण तलावाच्या काठी येतो तसा डोळ्यांत पाणी आणणारा असतो. अशा पाण्यात क्लोरीन वाढवत नेला तर शिल्लक आधी वाढते, मग एका टप्प्यावर क्लोरामाइन स्वतःच मोडू लागल्याने ती उतरते, आणि त्या तळापुढे घातलेला क्लोरीनच खऱ्या अर्थाने मुक्त राहतो. या तळाच्या बिंदूला प्रयोगशाळेत ब्रेकपॉइंट म्हणतात. हिशेबाने एका भाग अमोनियातील नायट्रोजनला साडेसात भागांहून थोडा अधिक, आणि प्रत्यक्षात दहा भागांच्या आसपास क्लोरीन लागतो. याचा अर्थ असा की पाण्याला उग्र वास येतो तेव्हा औषध जास्त झालेले असेलच असे नाही. कित्येकदा ते ब्रेकपॉइंटच्या अलीकडे अडकलेले, म्हणजे कमी पडलेले असते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते. ते पाणी शुद्ध करून पिणाऱ्या सोलापूरच्या नळाला वास आला तर त्याची चौकशी क्लोरीनच्या टाकीपाशी थांबवून चालणार नाही, ती वरच्या अंगाच्या या नद्यांपर्यंत न्यावी लागेल.

लोकांना न विचारता हे औषध का मिसळता, असाही एक प्रश्न त्या पत्रांत होता. तो शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९७ साली मेडस्टोन येथे विषमज्वराच्या साथीत पाण्याच्या नळांचे चुनक्लोरीनने, म्हणजे याच ब्लीचिंग पावडरने, निर्जंतुकीकरण झाले, १९०५ मध्ये लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी ते सलग चालू ठेवले, पण कायमस्वरूपी वापराचा खटका उडाला तो अमेरिकेतील जर्सी सिटीत. तिथे नगरपालिकेने खासगी पाणी कंपनीवर दावा लावला होता की करारात ठरल्याप्रमाणे पाणी शुद्ध नाही. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी महागड्या गटारयोजनेऐवजी बूनटनच्या जलाशयावर चुनक्लोरीन सोडणारे यंत्र बसवले आणि सप्टेंबर १९०८ मध्ये, कोणालाही न विचारता, ते सुरू केले. न्यायालयात त्यांच्यावर सरबत्ती झाली. नगरपालिकेचे वकील विषाचाच मुद्दा घेऊन उभे होते. अखेर जिवाणूंच्या मोजणीचे रोजचे आकडे पुढे ठेवल्यावर ही पद्धत परिणामकारक असल्याचे मान्य झाले. लील यांनी आधी परवानगी घ्यायला हवी होती असे माझे मत आहे. पण त्यांनी लोकांपुढे जे ठेवले ते आकडे होते, खुलासा नव्हे, हेही नोंदवले पाहिजे.

क्लोरीनच्या पाण्याने कर्करोग होतो, अशीही एक भीती बोलली जाते; तिला आधार आहे. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रसायनज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की पाण्यातील कुजलेल्या वनस्पतींच्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. त्यानंतर अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांवर मर्यादा घातली, आणि पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० या मानकातही चारही ट्रायहॅलोमिथेनना स्वतंत्र मर्यादा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या धोक्याची तुलना अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्याशी करून पहिला फार लहान ठरवला आहे आणि अशा उपद्रव्यांवर नियंत्रण आणण्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये असे स्पष्ट बजावले आहे. उपाय दुसरीकडे आहे: तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनिअम क्लोराइडने गढूळपणा आणि सेंद्रिय द्रव्य आधी खाली बसवावे, वाळूच्या गाळणीतून पाणी काढावे आणि मग क्लोरीन द्यावा. नदीच्या कच्च्या पाण्यातच भरमसाट क्लोरीन सोडण्याची सवय जिथे आहे, तिथे ही उपद्रव्येही वाढतात आणि औषधही वाया जाते. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात हे वेगळेच. शिवाय क्लोरीनलाही न जुमानणारे जीव आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक आजारी पडले ते क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे, आणि त्या पाण्यात क्लोरीन होता. गाळणी नीट चालत नव्हती. गाळणीची जागा क्लोरीन घेऊ शकत नाही हे मान्य करण्यात मला काहीच अडचण वाटत नाही.

तरीही क्लोरीनकडे असा एक गुण आहे जो अतिनील किरणांकडे, ओझोनकडे किंवा उकळण्याकडे नाही. तो पाण्याबरोबर नळातून प्रवास करतो. आपल्याकडे चोवीस तास पाणी जवळपास कुठेच नाही. दिवसातून तासभर, कुठे दोन दिवसांआड, कुठे त्याहूनही उशिरा पाणी येते. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो, फुटक्या सांध्यांतून बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते, आणि पुढच्या वेळी पाणी सोडले की पहिल्या काही बादल्यांतून ते थेट घरात येते. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही निर्मळ असले तरी या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये त्याचा राखणदार हा शिल्लक क्लोरीनच असतो. आयएस १०५०० नुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. सकाळी केंद्रातून निघताना एक मिलिग्रॅम असलेला आकडा एखाद्या गल्लीच्या टोकाला अचानक शून्य झाला, तर त्या वाटेत कुठेतरी घाण मिसळते आहे असा संशय घ्यायला तेवढे पुरते. जंतूंच्या तपासणीचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात; हा आकडा मिनिटात मिळतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. हा जिवाणू क्लोरीनपुढे टिकणारा नाही. साथ आल्यावर यंत्रणा जागी झाली, तिथल्या विहिरीतला क्लोरीन वाढवला गेला, टँकर आणि खासगी पाणी केंद्रांची तपासणी झाली. ही तपासणी आधीच्या डिसेंबरमध्ये रोज होत असती आणि तिचे आकडे भिंतीवर लागत असते तर रहिवाशांनीच ओरड केली असती, असे मला वाटते.

खासगी पाण्यावरून आठवले. नळाला वास येतो म्हणून हल्ली घरोघरी आणि लग्नकार्यांत थंड पाण्याचे वीस लिटरचे जार येतात. आरओ यंत्राच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून त्याच्या आधी कोळशाची गाळणी बसवून तो काढूनच टाकलेला असतो. म्हणजे यंत्रातून निघालेल्या पाण्याला पुढे कसलेच संरक्षण नसते, आणि ते ज्या जारमध्ये भरले जाते तो कसा विसळला, त्याच्या तोटीला कोणाचा हात लागला, यावर सगळे अवलंबून. चव गोड लागते हे खरे, पण ती शुद्धतेची खूण नव्हे. ज्यांना नळाच्या पाण्याचा वास अगदीच सहन होत नाही त्यांनी ते स्वच्छ भांड्यात झाकून रात्रभर ठेवावे किंवा उकळावे. वास बराच कमी होतो. मात्र असे पाणी फार दिवस साठवू नये, कारण वासाबरोबर राखणही गेलेली असते.

हा आकडा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टेस्ट गावोगावच्या आरोग्य सेवकाला येते, आषाढी वारीच्या मार्गावर टँकर भरण्याच्या ठिकाणी ती उभ्या-उभ्या केली जाते. परीक्षानळीत नळाचे पाणी खुणेपर्यंत घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि लगेच डब्यावरच्या रंगपट्टीशी लावून पाहायचे. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे; पाणी जसेच्या तसे राहिले तर नाही. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण मुक्त क्लोरीन काही सेकंदांत रंग देतो आणि क्लोरामाइनला काही मिनिटे लागतात. चहा घेऊन आल्यावर पाहिलेला पिवळा रंग कित्येकदा क्लोरामाइनचा असतो. ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक असल्याने नळीतले पाणी ओतून द्यावे आणि हात धुवावेत. डीपीडी नावाच्या गोळीने गुलाबी रंग येतो, ती अधिक अचूक आहे आणि पालिकांनी तरी आता तिच्याकडे वळायला हरकत नाही.

राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांचे सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. ही पद्धत चांगली आहे. पण त्यात विहिरीचा काठ, गळके व्हॉल्व्ह, टीसीएलचा साठा हे पाहिले जाते ते वर्षातून दोनदा, आणि नळाला पाणी वर्षभर येते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक पालिकेने आपल्या वितरणाच्या प्रत्येक विभागातला सर्वांत टोकाचा एक नळ ठरवून द्यावा, ग्रामपंचायतीने गावाच्या शेवटच्या वस्तीतला. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आणि पुन्हा बंद होण्याआधी अशी दोनदा तिथे शिल्लक क्लोरीनची नोंद घ्यावी. ही नोंद शाळेच्या किंवा चावडीच्या फळ्यावर तारखेसह लिहावी, आणि शून्य आली तरी लिहावी. विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांकडून हीच चाचणी स्वतंत्रपणे करून घेतली, अर्थात रसायन शिक्षकांच्याच हाती ठेवून, तर पंचायतीचा आकडा आणि मुलांचा आकडा शेजारी-शेजारी दिसतील.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. जून ते ऑक्टोबर आपण रोज पहिल्या पानावर धरणांतला साठा टक्क्यांत छापता आणि तो सगळेजण वाचतात. त्याच चौकटीत आठवड्यातून एकदा शहरातील दहा टोकाच्या नळांचा शिल्लक क्लोरीन छापता येईल का? पालिकेने आकडे दिले नाहीत तर त्या जागी ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापावे. मोजणीची पद्धत नेमकी ठरवण्यासाठी आणि पहिले काही आठवडे आपल्या वार्ताहरांबरोबर फिरण्यासाठी मी तयार आहे.

आपला विश्वासू,
पाणीपुरवठा प्रयोगशाळेतील एक सेवानिवृत्त रसायनज्ञ